कलम चार: डावं-पुढे नको

त्सुकिओका नृत्यवर्ग, मुराकामी
मुलांसाठी आणि पालकांसाठी सूचना

४. युकाता डावं-पुढे घालू नये.

चौथ्या कलमापासून सुरू करते, कारण एकूण सात कलमांत तेच मला पुन्हा पुन्हा लिहावं लागलं. युकाता म्हणजे पुढून दोन्ही बाजू एकमेकींवर घेऊन पट्ट्यानं बांधायचा सुती किमोनो.

हा कागद मी एप्रिलमध्ये लिहिला. त्याआधी एक्केचाळीस वर्षं या वर्गात कागद नव्हता. बाई नुसत्या बघायच्या आणि ज्या मुलीकडे बघितलं ती आपलं काय चुकलं ते स्वतःच शोधून काढायची. कधी केसांत चमकती पिन असायची, कधी मोजा मळलेला असायचा. आयांनाही सांगावं लागत नसे, कारण त्यांच्याकडेही बाईंनी लहानपणी तसंच बघितलेलं असायचं. आता बऱ्याच आया बाहेरगावच्या आहेत. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "एखादा कागद मिळेल का? फ्रिजवर लावायला."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "नाओ, तुझं अक्षर बरं आहे. तूच लिही. आणि थोडक्यात लिही, लोक वाचत नाहीत."

मी बाईंकडे नऊ वर्षांची असताना आले. आता एक्केचाळिसाव्या वर्षी मुलींना नेसवते, टेप लावते, चहा करते. बाईंनी लिहायला सांगितलेली ही पहिलीच गोष्ट. मी ती थोडक्यात लिहिली. तिथेच घोळ झाला.

१. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवावेत. दुसऱ्याचे वाकडे दिसले तर सरळ करावेत. बोलू नये.

जून महिन्यातल्या पहिल्या शनिवारी होंमा इतोहा आली. वय आठ. तिचे वडील तातामी बनवतात, जमिनीवर अंथरायच्या गवताच्या जाड चटया. त्यांची गाडी दारात थांबली की ओल्या गवताचा वास आधी आत येतो आणि मग मुलगी. ते स्वतः आत येत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून कमरेत वाकतात, "हिला सांभाळून घ्या," म्हणतात आणि जातात. इतोहाची आई दोन वर्षांपूर्वी नागाओकाला निघून गेली, ती तिथेच राहते. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी विचारत नाही. तीही लहानपणी बाईंकडेच शिकली होती. इतोहाच्या अंगावर होती ती युकाता तिचीच, निळ्या गारवेलीच्या फुलांची, खांद्याशी चुण्या घालून आखूड केलेली.

इतोहानं बूट काढले, टोकं फिरवली. शेजारचे तीन जोड वाकडे होते, तेही सरळ केले. बोलली नाही. कागद वाचून आलेली मुलगी, मला बरं वाटलं.

मग ती उठून वळली. छातीवर उजवी बाजू वर होती. डावी आत, उजवी वर. आपण तसं एकदाच नेसवतो, आणि ते नेसलेलं माणूस पुन्हा उठत नाही.

"ये हं, जरा नीट करू," म्हणत मी तिला कपडे बदलायच्या खोलीत नेलं. पट्ट्याच्या गाठीला हात घातला, ती सुटेना. तातामी शिवणाऱ्याची गाठ ती. एक नख मोडलं. शेवटी क्रोशाची सुई आणून सैल केली. उजवी बाजू आत, डावी वर, माझी नेहमीची फुलपाखरासारखी गाठ. इतोहा आरशात बघत होती. 

वर्ग संपल्यावर मी बाईंना सांगितलं.

"वडिलांना काही बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "एकटा बापमाणूस धडपडतोय, उगाच खजील होईल. आपण आतल्या आत करून घेऊ."

मला ते पटलं. पहिलं कलम मीच लिहिलं होतं: सरळ करावं, बोलू नये. दुसऱ्या शनिवारीही उलटं होतं, तिसऱ्याही. मी सुई आता खिशातच ठेवू लागले. गाठ मात्र दर शनिवारी आदल्यापेक्षा घट्ट यायची.

२. नमस्कार करताना मिटलेला पंखा गुडघ्यांपुढे आडवा ठेवावा. पंख्याच्या पलीकडे बाई, अलीकडे आपण. तो ओलांडू नये.

चौथ्या शनिवारी मी खोलीचं दार सरकवलं तेव्हा इतोहा गुडघ्यांवर बसलेली होती. तिनं पिशवीतून पंखा काढला आणि आडवा ठेवला. बाईंपुढे नाही, माझ्यापुढे, आम्हा दोघींच्या मधोमध.

"नाओताई, आज सोडू नका."

"अगं, जरासं नीट करायचंय."

"काय नीट करायचंय?"

 आठ वर्षांच्या मुलीला ते कसं सांगायचं.

"बाबा सकाळी सहाला उठतात," ती म्हणाली. "तीनदा बांधतात. पहिल्या दोन वेळा म्हणतात, छे, बाई हसतील. तिसऱ्यांदा झाली की मला गोल फिरवतात आणि म्हणतात, हं."

"छानच बांधतात."

"मग तुम्ही सोडता कशाला? घरी गेल्यावर बाबा बघतात. म्हणतात, ही माझी गाठ नाही."

"मग तू काय सांगतेस?"

"सांगते, नाचताना सुटली."

"आणि बाबा?"

"म्हणतात, माझी गाठ सुटत नाही कधी. मग पुढच्या शनिवारी आणखी घट्ट बांधतात." तिनं पोटावर हात ठेवला. "आज खूपच घट्ट आहे. पण चालेल मला. पुढच्या महिन्यात नाचाच्या मेळाव्याला बाबा बघायला येणार आहेत. तेव्हा त्यांचीच गाठ पाहिजे."

मी तिथे बसून राहिले. हात पुढे करायचा तर पंखा ओलांडावा लागला असता. बाहेर बाईंनी टाळी वाजवली, वर्ग सुरू झाला. इतोहा उठली आणि तशीच गेली.

मी तिला जाऊ दिलं.

६. वर्ग चालू असताना पालकांनी बोलू नये.

इगाराशी आजी बोलल्या. त्यांची नात मियाबी पुढच्या ओळीत असते आणि आजी भिंतीशी उशीवर बसून दर शनिवारी पूर्ण वर्ग बघतात. इतोहा मियाबीच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि आजींचा हातपंखा थांबला.

"नाओ-सान. त्या मुलीकडे बघितलंत का?"

"हो, आजी."

"बघितलंत आणि पाठवलीत?"

मी हळूच सांगायचा प्रयत्न केला, की वडील नेसवतात, अजून सवय नाही. आजी ऐकत नव्हत्या.

"आमचे हे गेले, त्यांचा एकोणपन्नासावा दिवस होऊन महिना झालाय," त्या म्हणाल्या. "पांढरं मीच नेसवलं त्यांना. डावी आत, उजवी वर. ह्याच हातांनी. आणि आता इथे एक एवढीशी पोर तसंच नेसून माझ्या नातीच्या शेजारी नाचणार, आणि मी बघत बसू?"

त्या ओरडल्या नाहीत. आवाज कापत होता म्हणून मोठा झाला, इतकंच. पण टेप नेमकी दोन गाण्यांच्या मध्ये होती आणि पुढचं वाक्य सगळ्या मुलींनी ऐकलं.

"मेलेल्या माणसासारखं नेसलीये ती. मेळाव्यात अशी येणार असेल तर मियाबी येणार नाही."

इतोहानं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे बघितलं. मग मियाबीच्या छातीकडे. मग पुन्हा स्वतःच्या. बाईंनी टेप लावली. इतोहानं एकही पाऊल चुकवलं नाही. घरी जाताना तिनं कुणाचे बूट सरळ केले नाहीत.

७. येणार नसल्यास सकाळी नऊच्या आत कळवावं.

पुढच्या शनिवारी नऊला दोन मिनिटं कमी असताना फोन आला.

"होंमा बोलतोय. इतोहाचं पोट दुखतंय म्हणते. आज येणार नाही."

त्यापुढच्या शनिवारी पुन्हा. "हिचं पोट दर शनिवारीच दुखतं असं दिसतंय," होंमा-सान म्हणाले आणि थोडा वेळ थांबले. मी काही बोलेन म्हणून थांबले असावेत. मी म्हटलं, "काळजी घ्या."

फोन ठेवल्यावर बाई चहाचा पेला फिरवत होत्या. "जुलैच्या मेळाव्यात ती पोरगी नाचली नाही ना," त्या म्हणाल्या, "तर परत येणार नाही. मुलं ओरडा विसरतात. लाज विसरत नाहीत."

"बाई, वडिलांना सांगू नकोस, असं तुम्हीच म्हणाला होता."

"म्हणाले होते." त्यांनी चहा प्यायला. "मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, नाओ. चुकले तर मला कोण सांगणार? तूच ना?"

४, दुसऱ्यांदा.

सोमवारी मी तातामीच्या दुकानात गेले. होंमा-सान गुडघ्याखाली गवताची चटई दाबून किनार शिवत होते. भिंतीवर, शिवणाच्या पाटाच्या अगदी वर, माझा कागद होता, प्लॅस्टिकमध्ये घालून चार टाचण्यांनी लावलेला. आठवणीसाठी चौथ्या कलमाखाली लाल रेघ मारलेली.

"होंमा-सान, एक सांगायचं होतं. खरं तर पाच आठवड्यांपूर्वीच सांगायला हवं होतं. युकाता उलटी नेसवली जातेय."

त्यांनी सुई खाली ठेवली आणि भिंतीकडे बोट केलं.

"उलटी कशी असेल? कागदात आहे तसंच करतो. डावं पुढे नको. म्हणून उजवं पुढे घेतो."

मी कागदाकडे बघत राहिले.

डावं-पुढे, म्हणजे हिदारिमाए. लहानपणापासून ऐकलेला शब्द. हिदारी म्हणजे डावं आणि माए म्हणजे पुढे. पण माए म्हणजे आधी असंही होतं. ह्या शब्दात माएचा अर्थ 'आधी' हाच आहे: डावी बाजू आधी अंगाला लावली, मग उजवी वर आली, ते अशुभ. ज्यांना कुणीतरी नेसवलेलं आहे ते या शब्दाचा विचारच करत नाहीत, हातच जातात. विचार करून, लाल रेघ मारून वाचणारा माणूस मात्र 'डावं पुढे नको' वाचून उजवं पुढे घेणार. जे टाळायला सांगितलं नेमकं तेच करणार.

"इथे पुढे म्हणजे आधी," मी म्हटलं.

"पुढे म्हणजे आधी?"

"ह्या एका शब्दात. हो."

"मग तसं लिहायचं ना."

"हो. चूक माझी आहे."

 त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हणजे चार शनिवार माझी मुलगी तशी..."

"तीन वेळा आत आल्यावर मी बदललं. चौथ्यांदा तिनं सोडू दिलं नाही."

"म्हणजे गाठ तुम्ही सोडत होता."

"हो."

"कशानं?"

"क्रोशाच्या सुईनं."

त्यांनी मान हलवली, एका कारागिरानं दुसऱ्याला द्यावी तशी दाद होती ती. मग चेहरा पुन्हा उतरला.

"मला वाटलं हात गेला माझा. वीस वर्षं गाठ मारतोय, आणि आठ वर्षांच्या पोरीच्या कमरेवर टिकेना." त्यांनी चटईची कड हातानं सारखी केली. "तातामी वाकडा बसला तर गिऱ्हाईक मला बोलावून दाखवतं. शिव्याही देतं. ते बरं असतं. गप्प राहून स्वतःच सरळ करून घेतला, तर मी पुढच्या घरातही वाकडाच घालीन की नाही?"

"घालाल."

"मग मला का नाही सांगितलं?"

तुम्ही खजील व्हाल म्हणून, असं मला म्हणता आलं असतं. पण समोर बसलेला माणूस खजील झालेलाच होता, फक्त पाच आठवडे उशिरा आणि एकट्यानं.

मी त्यांचंच पेन घेतलं, कागद प्लॅस्टिकमधून काढून चौथ्या कलमावर काट मारली आणि लिहिलं:

४. उजवी बाजू आधी. डावी तिच्यावर.

"हे समजलं," ते म्हणाले. "हे कुणालाही समजेल."

मागच्या जिन्यावर इतोहा बसलेली होती. कधीपासून, माहीत नाही.

"रविवारी मेळाव्याला येशील ना?" मी विचारलं.

"बाबांची गाठ राहणार असेल तर."

"राहील. मी हात लावणार नाही."

५. मोजे पांढरे आणि त्याच दिवशी धुतलेले असावेत.

ह्या कलमाबद्दल काही झालं नाही, तिसऱ्याबद्दलही नाही. रविवारी सगळ्यांचे मोजे पांढरे होते.

४, तिसऱ्यांदा.

मेळावा वर्गातच असतो. वीसेक खुर्च्या, उघड्या खिडक्या, गार बार्लीचा चहा. इगाराशी आजी पहिल्या रांगेत टोकाला, दाराजवळ. होंमा-सानांची गाडी थांबली, गवताचा वास आला, इतोहा आत आली, वाकून बूट फिरवले आणि उठून वळली.

उजवी वर होती.

आजींचा हातपंखा थांबला. मला ती खोली दिसत होती, कपडे बदलायची, चार पावलांवर. खिशात सुई होती. दार सरकवायचं, दोन मिनिटं, कुणाला कळलंही नसतं. इतोहा माझ्याकडे बघत होती. मी दिलेला शब्द ती नजरेनंच मला आठवून देत होती.

मी दारापर्यंत गेले आणि रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "होंमा-सान, जरा आत या. पुन्हा उलटं झालंय."

वीस माणसांसमोर. माझे कान तापले. त्यांचेही लाल झालेले दिसले. पण त्यांनी बूट काढले, टोकं फिरवली आणि आत आले.

"शक्य नाही," ते म्हणाले. मुलीसमोर गुडघ्यांवर बसले. "चुकू नये म्हणून ह्या वेळी मागून नाही, असं समोर बसून नेसवलं. उजवी आधी घेतली. ह्या हातानं." उजवा हात वर करून दाखवला. "मग डावी, ह्या हातानं, तिच्यावर. तुम्ही लिहिलं तसंच."

मी बघत होते आणि मला दिसत नव्हतं. दिसलं ते इतोहाला.

"बाबा, तो माझा डावा आहे."

"काय?"

"तुमचा उजवा म्हणजे माझा डावा. समोरून उलटं होतं. बाई तसंच नाचतात ना, आमच्यासमोर उभ्या राहिल्या की."

बाई पुढे आल्या. "खरंय तिचं. मुलींनी उजवा हात उचलायचा तर मी डावा उचलते. चाळीस वर्षं उलटी नाचतेय मी. मुलींना वाटतं, बाई अगदी आपल्यासारख्या." त्या होंमा-सानांकडे वाकल्या. "मला ते जमायला सहा वर्षं लागली. तुम्हाला सहा दिवसांत कसं जमणार?"

कुणीतरी हसलं. होंमा-सान हसले नाहीत. मुलीला म्हणाले, "तुला कळत होतं, तर घरी बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हालाही उलटं येत असेल. बाईंसारखं." तिनं खांदे उडवले. "तुम्हाला सगळं येतं ना."

 त्यांनी स्वतःची गाठ स्वतः सोडली. त्यांना सुई लागली नाही. एक टोक विशिष्ट बाजूला ओढलं, आणि जिनं माझं नख मोडलं ती गाठ फुलासारखी उघडली.

"मागे जा," बाई म्हणाल्या. "पोरीच्या पाठीमागे. मग तुमचा उजवा तो तिचा उजवा."

ते उठून मागे गेले. बाप आणि मुलगी दोघंही आरशाकडे तोंड करून. त्यांनी तिच्या खांद्यांवरून हात पुढे आणले, उजव्या हातानं उजवी बाजू आत नेली, डाव्या हातानं डावी वर घेतली. फार सावकाश. आरशात चार हात दिसत होते आणि कुठला कुणाचा ते सांगता आलं नसतं.

"थांबा," इगाराशी आजी म्हणाल्या.

त्या खुर्चीतून उठल्या, काठीशिवाय, आणि इतोहासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाळ, उजवा हात गळ्यापाशी आत घाल. छातीशी. रुमाल ठेवतात तिथे. जातो का?"

इतोहानं घातला. "जातो."

"जातो ना. मग बरोबर आहे." आजींनी तिच्या गळ्याची कड बोटानं सारखी केली. मग मुलीच्या डोक्यावरून बापाला म्हणाल्या, "मीही ह्यांच्या समोर बसूनच नेसवलं होतं. त्यांच्यासाठी तेच बरोबर होतं. तेव्हा समोरूनच बसावं लागतं, तोंड बघायचं असतं." त्यांनी इतोहाच्या खांद्यावर हात ठेवला. "हिला मागूनच नेसवा."

"हो," होंमा-सान म्हणाले.

"आणि जरा सैल बांधा. जेवली असेल ना पोर."

त्यांनी गाठ मारली. एकदाच. मग मुलीला गोल फिरवलं आणि म्हणाले, "हं."

दुसऱ्या गाण्यात मियाबीचा पट्टा सुटला आणि तिनं तो एका हातानं धरून बाकीचा नाच केला, ते बघून आजींना हसू आवरेना. त्याची गाठ मी मारली होती. इतोहा तिच्या शेजारी होती. बाई आरशाकडे पाठ करून मुलींसमोर उलट्या नाचत होत्या. इतोहाचा उजवा वर गेला की त्यांचा डावा वर जायचा. खुर्च्यांच्या मागे, भिंतीशी, मोज्यांवर उभा असलेला एक माणूस आपला उजवा हात किंचित हलवत होता, मग डावा, मग पुन्हा उजवा.

सुधारित प्रत, जुलै

१. बूट काढून टोकं दाराकडे करून ठेवावेत. दुसऱ्याचे वाकडे दिसले तर सरळ करावेत. बोलू नये. (हे फक्त बुटांपुरतं.)

४. नेसवणाऱ्यानं मुलाच्या पाठीमागे उभं राहावं.

बाईंनी चष्मा लावून वाचलं. "डावं, उजवं काहीच नाही?"

"नाही."

"थोडक्यात आहे," त्या म्हणाल्या. "लाव."

तो मी दारालाच लावला. मेळाव्यानंतरचा पहिला शनिवार होता. वर्ग सुटला होता, बाहेर गाडी उभी होती. इतोहा धावत गेली. होंमा-सानांनी तिला खांद्याला धरून पाठमोरी केलं, वाकून गाठ बघितली, मधे एक बोट घालून बघितलं. मग गाडीचं दार उघडलं, गवताचे भारे एका बाजूला सारले आणि तिला बसायला जागा केली, गाठ चेपणार नाही इतकी.